रिकामी गाडी रडते

आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मागे दत्ताराम उतेकर पांढराशुभ्र रुमाल धरायचे. आधी ड्रायव्हरला ओरडून सांगायचे, "दे रे रेस!" मग रुमाल दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसायचे, मनात दहापर्यंत मोजायचे आणि उठून तो रुमाल उजेडात धरून न्याहाळायचे. मुलीच्या स्थळाची पत्रिकासुद्धा कुणी इतकी बारकाईने बघत नसेल. रुमाल करडा झाला की गाडी पास. काळा झाला की, "नोझल साफ करून ये, मंग माल." मग ड्रायव्हर कितीही गयावया करो. त्या दिवसाचे रुमाल, गाडीच्या नंबराची चिठ्ठी टाचून, गेटजवळच्या तारेवर टांगलेले असत. एक नवे मॅनेजर पहिल्याच दिवशी ते बघून म्हणाले होते, "धोबी आत कशाला ठेवलाय?"

हा कारखाना महाडच्या एमआयडीसीत. कापडाला लागणारे रंग बनवायचा. उतेकर तिथे डिस्पॅच क्लार्क, म्हणजे तयार रंगाचे ड्रम गाडीत भरून रवाना करणं हे त्यांचं काम. मी त्याच कारखान्यात संगणक विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे मी, एक वातानुकूलित खोली आणि तीन संगणक. खोलीत यायचं तर मॅनेजरनाही चपला बाहेर काढाव्या लागत, आणि त्यातच माझा काय तो रुबाब.

आता सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी उतेकरांवर जळायचो. एखाद-दुसरा दिवस नव्हे, चांगली दहा वर्षं. मी बीएस्सी, वर संगणकाची पदविका, पुण्याला जाऊन केलेली. उतेकर पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीतले, सातवी पास. तरी गेटवर मी उभा राहिलो तर कुत्रं विचारायचं नाही, आणि उतेकर दिसले की रत्नागिरीपासून पनवेलपर्यंतचे ड्रायव्हर काच खाली करून हाका मारायचे, "नाना, कसं काय?" माझ्या पोटात दुखायचं ते तिथे.

उतेकरांचं एक लाडकं वाक्य होतं. "रिकामी गाडी रडते रे." ते दिवसातून दहा वेळा तरी यायचं. त्यात खोटं काही नव्हतं. रिकाम्या ट्रकचा हौदा खड्ड्यांतून खडखडत, कण्हत जातो, हे आपणही ऐकलेलं असतं. आपण सोडून देतो. उतेकरांना ते सोसायचं नाही. ते पोलादपुरात एकटेच खोली घेऊन राहत. सकाळी सहाला नाक्यावरच्या चहाच्या टपरीत येऊन बसायचे, महामार्गाकडे पाठ करून. पाठ करून अशासाठी, की त्यांना बघायचं नसे, ऐकायचं असे. कशेडी घाट उतरून गाडी आली की बशीतला चहा तसाच धरून म्हणायचे, "ही भरलेली... ही भरलेली... ही रडत्येय!" की बशी खाली आणि उतेकर रस्त्याच्या मधोमध. खाली माल टाकून मुंबईकडे रिकामा निघालेला तो ट्रक ते थांबवायचे, केबिनमध्ये चढायचे आणि सरळ आमच्या गेटात आणायचे. परतीची गाडी म्हणून भाडं कमी, ड्रायव्हरची खेप फुकट जात नाही, आणि आमचे ड्रम न्हावाशेव्याच्या बंदरावर. एसटीचं तिकीट काढून उतेकर कामावर आलेले मी कधी पाहिले नाहीत.

एका रविवारी तर त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं पोलादपुरात. मंडप रस्त्याला लागून. मंगलाष्टकं चालू होती, "शुभमंगल" झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि तेवढ्यात बाहेरून खडखडाट आला. उतेकर फेट्यासकट धावत सुटले. हातातल्या अक्षता राहिल्याच होत्या, त्या त्यांनी ट्रकच्या बॉनेटवर टाकल्या. पुतण्या पुढे बरेच दिवस बोलत नव्हता म्हणे. पण सोमवारी त्या ट्रकमधून आमचा निळा रंग गेला.

दुसरं वेड थांबण्याचं. गिऱ्हाइकाने तीन ड्रम मागवले तर उतेकर ते लगेच पाठवायचे नाहीत. "भरू दे" म्हणायचे. त्याच रस्त्यावरचं दुसरं गिऱ्हाईक निघेपर्यंत, तिसरं निघेपर्यंत ते ड्रम ताडपत्रीखाली ठेवायचे. सगळं त्यांच्या डोक्यात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं. ते अक्षर वाचणं दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

शिवाय ते साऱ्या तालुक्याचं सामानही न्यायचे. तुडीलच्या कुणा आजीचे तांदूळ मुंबईच्या लेकाकडे, हिरकणीवाडीतल्या कुणाची तुपाची बरणी पनवेलला. गाडी भरून जरा जागा उरली की उतेकर ती कुणाच्या तरी बोचक्याने भरायचे. माझ्या सासऱ्यांनी चिपळूणहून पाठवलेला फणस एकदा असाच आमच्या दारात आला. सुनंदा, म्हणजे आमची ही, त्या फणसाचे गरे खात म्हणाली, "तुमच्या ऑफिसात एक तरी माणूस कामाचा आहे." मला तो फणस गोड लागला नाही.

मग दोन हजार सालानंतर कंपनीने नवी सिस्टीम घेतली आणि मला वाटलं, आता आपले दिवस आले. मुंबईच्या मुख्य कचेरीत ऑर्डर नोंदली की त्याच क्षणी महाडला माझ्या पडद्यावर दिसणार. सिस्टीम स्वतःच गाडी मागवणार, गेटपास काढणार, माल त्याच दिवशी बाहेर. मी पंधरा दिवस पुण्याला शिक्षण घेऊन आलो. येताना स्वतःसाठी टाय घेतला. महाडच्या उकाड्यात तो मी आठवडाभर घातला.

उतेकरांना मी खोलीत बोलावून पडदा दाखवला. ते चपला काढून आले, हात मागे बांधून उभे राहिले.

"बघा उतेकर, इथे ऑर्डर आली. आता ही बघा गाडीची मागणी गेली."

"किती ड्रम हायत, सायेब?"

"तीन."

"आनी गाडी?"

"एक."

"आख्खी?"

"अर्धी गाडी मिळते का कुठे?"

उतेकर पडद्याजवळ वाकले. "ह्याला जरा थांब म्हणून सांगता येत नाय?"

"थांबायचं कशाला? वेग हाच तर ह्याचा फायदा आहे!"

"मंग रडवनार हा गाड्यांना," एवढं बोलून ते चपला घालून गेले.

आणि गेले ते सरळ आपल्या जुन्या वाटेनेच चालू लागले. सिस्टीमने मागवलेल्या गाड्या ते गेटवरून परतवून लावायचे आणि आपल्या पद्धतीने दोन-तीन ऑर्डरींचा माल एकत्र करून नाक्यावर पकडलेल्या गाडीने पाठवायचे. माझ्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे उशिराच्या लाल खुणांची माळ लागली. मी त्या खुणा रंगीत छापून मॅनेजरना नेऊन दिल्या. एकदा नव्हे, पाच वेळा. मॅनेजर म्हणायचे, "पोतदार, गिऱ्हाइकाची तक्रार आहे का?" तक्रार कुठून असणार? माल थांबवण्याआधी उतेकर स्वतः गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचे, "चार दिवस चालंल का?" आणि लोक चालेल म्हणायचे! माझा नुसता तिळपापड व्हायचा.

अशात आमच्या परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून एक लांबलचक फॉर्म आला. तुमच्या एक टन रंगामागे कारखान्यापासून बंदरापर्यंत किती डिझेल जळतं, हवेत किती कार्बन जातो, ते कळवा. आम्ही चक्रावलो. मालाची किंमत विचारणारे, दर्जा विचारणारे पाहिले होते. धुराचा हिशेब मागणारा पहिलाच. पण गाड्यांच्या फेऱ्यांची नोंद सिस्टीममध्ये होती. मी ती काढली, आकडा बसवला आणि पाठवून दिला. महिन्याभरात पत्र आलं. त्यांना माल पुरवणाऱ्या सगळ्या कारखान्यांत आमचा आकडा सर्वात कमी होता. हे कसं जमवलं ते बघायला त्यांच्याकडच्या एक बाई महाडला येणार होत्या.

बाई आल्या त्या दिवशी मी टाय पुन्हा बाहेर काढून घातला. बाई उंच, सडपातळ, पायात सपाट टाचेचे बूट. खोलीबाहेर त्यांनी ते आपणहून काढले तेव्हा मला गहिवरून आलं. मी चाळीस मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "तो माणूस काय करतोय?"

बाहेर उतेकर ट्रकच्या मागे उकिडवे बसले होते.

बाई उठल्या त्या परत आत आल्याच नाहीत. दोन तास गेटवर उन्हात उभ्या राहिल्या. तारेवरचे रुमाल एकेक करून बघितले, फोटो काढले. आणि उतेकरांना इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांच्या बोलण्याचा दुभाष्या कोण? तर मी. ज्या माणसावर दहा वर्षं जळलो, त्याचं मोठेपण स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सांगण्याची पाळी माझ्यावर आली.

"माल थांबला तर लोक रागावत नाहीत का?" बाईंनी विचारलं. मी मराठीत सांगितलं.

"रागवतील कशाला? थांबायच्या आधी इचारतो ना. न इचारता थांबवलं तर कोन बी रागवंल."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर होता, तो माझ्याकडे बघताना चाळीस मिनिटांत एकदाही आला नव्हता.

"आणि गाडी कधी सोडायची, ते कोण ठरवतं?"

मी विचारलं. उतेकर हसले. "मीच की. दुसरं कोन हाय?"

आणि मी बाईंना म्हणालो, "आमची सिस्टीम ठरवते. हे तिच्या सूचना पाळतात."

बोललो ते बोललो. जीभ अडखळली नाही, हे मला आजही आठवतं. बाईंनी मान डोलावली आणि वहीत 'सिस्टीम' लिहून खाली दोन रेघा मारल्या. उतेकर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी बाईंना हात जोडले आणि पुढच्या गाडीला हाक मारली, "दे रे रेस!"

पुढचं सगळं त्या दोन रेघांनी केलं. मुख्य कचेरीतून माझ्या नावाने अभिनंदनाचं पत्र आलं, ते चौकटीत बसवून खोलीत लागलं. डिस्पॅच माझ्या हाताखाली आलं. आणि सिस्टीमच जर सगळं ठरवते तर तिथे माणूस कशाला, असा साधा विचार करून वरच्यांनी उतेकरांना, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष असताना, स्वेच्छेने घरी जायचा कागद दिला. ते जाताना मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील. त्यांनी कपाटाची किल्ली दिली, दोन डझन धुतलेले रुमाल दिले आणि म्हणाले, "पिवळ्या कॅबिनच्या गाडीला दहा नाय, पंधरा मोजा. तो डायवर लबाड हाय."

मी रुमाल धरला नाही, हे सांगायला नको.

पुढचे सहा महिने सिस्टीम मनासारखी धावली. ऑर्डर आली की गाडी, ऑर्डर आली की गाडी. हौद्याच्या कोपऱ्यात दोरीने बांधलेले तीन ड्रम घेऊन ट्रक खडखडत गेटातून निघायचे. माझ्या पडद्यावर एक लाल खूण नव्हती. मग पुन्हा तो फॉर्म आला, मी पुन्हा आकडा काढला. तोच माल, पण गाड्या जवळजवळ दुप्पट. मी तीनदा बेरीज केली. पाठवल्यावर बाईंचं पत्र आलं, मोजून दोन ओळींचं. तुमच्या सिस्टीमला काय झालं? पुढच्या फॉर्मपर्यंत आकडा पूर्ववत आला नाही तर आम्हाला दुसरीकडून रंग घ्यावा लागेल. ते गिऱ्हाईक गेलं असतं तर कारखान्याची एक पाळी बंद करावी लागली असती. मॅनेजरनी पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि माझ्याच भिंतीवरची ती चौकट बघत बसले.

रविवारी मी पोलादपूरची एसटी धरली. कुठे जातो ते सुनंदाला सांगितलं. उतेकरांना का घालवलं ते तिने मला एकदाही विचारलं नव्हतं, त्या दिवशीही विचारलं नाही. फक्त दारात डबा हातात ठेवला. "बेसनाचे लाडू आहेत. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका."

उतेकरांची खोली नाक्यामागे, एसटीडी बूथच्या वर. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत धुतलेला रुमाल. त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसले. मी पत्राचं सांगितलं. मग बाकीचंही सांगून टाकलं, कारण ते गिळून तिथे बसणं मला जमेना.

"उतेकर, त्या बाईंना मी तुमचं नाव सांगितलं नाही. सगळं सिस्टीम करते म्हणून सांगितलं."

"ठाव हाय. तो शबुद मला बी कळतो, सायेब."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलनार? बाईनं माझं वय बघितलं असतं. हा म्हातारा उद्या गेला तर आमच्या मालाचं काय, असा इचार केला असता. मशीनवर लोकांचा भरवसा बसतो. म्हटलं, बसू दे." मग म्हणाले, "वाईट वाटलं. नाय कसं? पन ऑर्डर ऱ्हायली ना तवा."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. माझ्यावर रागवायचा हक्क असलेला माणूस माझ्या ऑर्डरची काळजी करत होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्यांचा हेवाच वाटला.

मी त्यांना परत या म्हणालो. ते नाही म्हणाले. एकदा कागदावर सही केली की केली. पण त्यांनी शाळेची एक वही काढली आणि तासभर मला एकेक टपरी, एकेक ड्रायव्हर, कुठला ट्रक कुठल्या वारी रिकामा परततो, ते तोंडपाठ सांगितलं. मी त्या वहीत लिहून घेतलं. "अडलं तर खालच्या बूथवर फोन करा," म्हणाले. "तो पोरगा हाक मारतो मला."

निघायची वेळ झाली. मी डब्याबद्दल विसरलोही होतो. उतेकरांनी लाडू ताटलीत काढून घेतले, डबा धुतला, पुसला, आणि हातात धरून उभेच राहिले. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, हे शिकवावं लागत नाही. चिमूटभर साखर तरी घालतातच. ते फळीपाशी गेले. तांदळाचा डबा उघडला, झाकला. गुळाचा उघडला, त्यात बघत राहिले.

"राहू द्या हो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ कसं देनार?" ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "ही गेल्याला अकरा वर्षं झाली. तवापासून ह्या घरात कोनाचा डबा आला नाय. काय भरतात, तेच ध्यानात नाय ऱ्हायलं."

साऱ्या तालुक्याच्या बोचक्यांना ज्याने अकरा वर्षं गाड्यांतून जागा दिली, त्याच्या नावाचं एकही बोचकं कधी कुठल्या गाडीत चढलं नव्हतं. मी गेटपासची सगळी नोंद ठेवणारा माणूस, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. फणस खाल्ला होता मी.

शेवटी त्यांनी डब्यात नाचणीचं पीठ भरलं. काठोकाठ, बोटांनी दाबून.

घरी सुनंदाने डबा उघडला आणि मी जे घडलं ते सांगितलं. तिने पीठ दुसरीकडे काढलं, डबा घासला आणि पुसता पुसता विचारलं, "उद्या पोलादपूरवरून जाणारी गाडी कुठली आहे हो तुमची?"

मी डिस्पॅचचा प्रमुख. मला ते सांगता येईना. खाली चिपळूणकडे गाडी जाणार एवढं सिस्टीममध्ये होतं. पण कुठली नाक्यावर थांबते, कुठला ड्रायव्हर डबा नीट नेतो, ते तिच्यात नव्हतं, आणि घाईघाईने लिहून घेतलेली ती वही मी ऑफिसच्या बॅगेतून अजून काढलीही नव्हती. मग मी फोन उचलला आणि बूथवाल्या पोराला म्हणालो, नानांना हाक मार.

ते जिना उतरून आल्याचा आवाज आला. मी विचारलं, "नाना, उद्या पोलादपूरला डबा पाठवायचा आहे. कुठल्या गाडीने पाठवू?"

"कोनासाठी हाय?"

"तुमच्यासाठी. सुनंदा देतेय."

पलीकडे नाक्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज तेवढा आला. मग त्यांनी अगदी डिस्पॅचच्या आवाजात सांगितलं, "नऊला सकपाळची गाडी सुटते, हिरव्या कॅबिनची. त्याच्या हातात द्या. आनी ताईंना सांगा, झाकन घट्ट लावा, मागं ठेवू देऊ नका. मागं ड्रमांचा वास लागतो."

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "मंग नऊला नक्की ना, सायेब? मी नाक्यावर येऊन थांबतो."